अर्थशास्त्राच्या जोडीला भूगोल

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून पदवीचा नवा आराखडा लागू झाला आणि कला शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या पुढ्यात एक निवड येऊन पडली. जुन्या पद्धतीत एसवायला गेले की एक विषय ‘स्पेशल’ व्हायचा आणि बाकीचे ‘जनरल’ म्हणून सोबत चालायचे. जनरल विषयाकडे फारसे कुणी लक्ष देत नसे. पास होण्यापुरता तो वाचला जाई. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकायचे, मग त्यांतला एक मेजर म्हणून धरायचा, एक मायनर म्हणून ठेवायचा आणि तिसरा सोडायचा. तीन वर्षांच्या पदवीचे एकूण श्रेयांक १२० ते १३२, त्यांत मायनरचे १८ ते २०. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास, आणि विषयाला प्रात्यक्षिक असेल तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. म्हणजे मायनरच्या वाट्याला सुमारे तीनशे तासांचा अभ्यास येतो. विशीच्या उंबरठ्यावरचे तीनशे तास एखाद्या विषयाला देणे ही लहान गोष्ट नव्हे. भोरचे अनंतराव थोपटे महाविद्यालय असो की विंझरचे अमृतेश्वर महाविद्यालय, अर्थशास्त्र मेजर घेऊ पाहणाऱ्या मुलीने हे तास कोणत्या विषयाला द्यावेत, हा प्रश्न शांतपणे विचार करण्याजोगा आहे. प्रत्यक्षात तो प्रवेशाच्या धांदलीत मिनिटाभरात निकालात निघतो.

निवड कशी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मैत्रिणीने काय घेतले, कोणत्या विषयाला गुण सढळ मिळतात, कोणते तास दुपारच्या एसटीच्या आत संपतात, यावर ती ठरते. या कारणांना हसण्याचे कारण नाही. घाटाखालच्या वस्तीतून रोज ये-जा करणाऱ्या मुलीसाठी एसटीची वेळ हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. तरीही या सगळ्यांच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे: अर्थशास्त्र नेमके काय शिकवत नाही? जोड द्यायची ती तिथेच द्यायला हवी. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके किंमत, मागणी, पुरवठा, उत्पादन खर्च, व्याजदर यांबद्दल भरपूर सांगतात; पण हे सगळे कुठे घडते हे बहुतेक वेळा गाळतात. मागणीचा वक्र ना डोंगरावर असतो ना खोऱ्यात. पाठ्यपुस्तकातल्या बाजारात अंतर नसते, चढ नसतो, पाऊस पडत नाही. भोर आणि वेल्हे या तालुक्यांत मात्र जवळजवळ प्रत्येक आर्थिक प्रश्न जागेशी बांधलेला आहे. म्हणून इथल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मायनर म्हणून भूगोल घ्यावा, असे मला वाटते. त्यामागची कारणे सांगतो, आणि याविरुद्ध जे म्हणता येईल त्यालाही उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पाण्यापासून सुरुवात करू. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी आहे. पुणे शहराला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी भरते, म्हणजे एकटे भाटघर त्या साखळीच्या बरेच जवळ जाते. भोर तालुक्यातच नीरा नदीवर नीरा देवघर आहे, पावणेबारा टीएमसीच्या आसपास. वेल्ह्यात गुंजवणी धरण ३.६९ टीएमसीचे आणि आंबी नदीवरचे पानशेत १०.६५ टीएमसीचे. ही चार धरणे मिळून जवळपास पन्नास टीएमसी पाणी दोन लहान डोंगरी तालुक्यांच्या दऱ्यांत साठते. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी नीरेतून खाली उतरते आणि वीर धरणापासून डाव्या व उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जाते. पानशेतचे पाणी पुण्याला जाते. धरणाकाठच्या वाड्यावस्त्यांवर मात्र अनेक उन्हाळ्यांत टँकर धावतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या परिस्थितीकडे पाहून काय म्हणेल? बुडालेल्या जमिनीचा संधी खर्च म्हणेल, बाह्यता म्हणेल, लाभ एकाला आणि खर्च दुसऱ्याला म्हणेल, भरपाईचा प्रश्न मांडेल. हे सगळे बरोबर आहे. पण ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ असे का होते, याचे अर्धे उत्तर उंचीत आहे. धरणाच्या काठावरचे गाव पाण्याच्या पातळीच्या वर असते आणि कालवा भिंतीच्या खाली निघतो. पाणी उताराने फुकट जाते. चढावर न्यायचे तर पंप लागतो, वीज लागते, पाइप लागतो, आणि त्या विजेचे बिल कुणीतरी भरावे लागते. ही गोष्ट सर्वेक्षण विभागाचा समोच्चरेषांचा नकाशा वाचता आला की दिसते. कोणते गाव जलाशयापासून आडवे किती दूर आहे आणि उभे किती वर आहे, हे त्या नकाशावर मोजता येते. मोजून झाले की अर्थशास्त्राचे खरे काम सुरू होते: किती मीटर चढापर्यंत पाणी उचलले तर पिकाच्या उत्पन्नातून विजेचा खर्च निघेल? भाताला निघेल की फक्त भाजीपाल्याला? कोणत्या उंचीच्या पुढे उपसा सिंचन योजना शासकीय मदतीशिवाय तगणारच नाही? हा सीमांत खर्च आणि सीमांत लाभाचा अगदी पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. पण नकाशा वाचता न येणाऱ्याला तो विचारताच येत नाही, आणि सीमांत खर्च न समजणाऱ्याला नकाशा पाहून त्याचे उत्तर काढता येत नाही. दोन विषय एकमेकांना पूरक ठरतात ते असे.

जमिनीचेही तसेच. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये खंडाचा सिद्धांत मांडला तो जमिनीच्या सुपीकतेतल्या फरकावर. चांगल्या जमिनीला जास्त खंड मिळतो कारण त्याच कष्टात ती जास्त पिकते. नऊ वर्षांनी, १८२६ मध्ये, व्हॉन थ्युनेन या जर्मन जमीनमालकाने दुसरी बाजू मांडली. जमीन सगळीकडे सारखीच सुपीक आहे असे धरले तरी खंड वेगळा निघतो, कारण शहराचा बाजार कुणाला जवळ असतो आणि कुणाला दूर. शहराभोवती आधी दूध आणि भाजीपाला, मग जळणाचे जंगल, मग धान्य आणि सर्वांत बाहेर चराईची जनावरे अशी वर्तुळे त्याने कागदावर काढली. रिकार्डो अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडतो, थ्युनेन भूगोलाच्या. दोघे एकाच प्रश्नाची दोन अंगे सांगत होते, पण आपल्या अभ्यासक्रमांनी त्यांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवले आहे. भोर-वेल्ह्यात त्या दोघांची एकदमच गरज पडते. पुण्याहून महामार्गाने खाली यावे, खेड शिवापूर ओलांडून नसरापूरला वळावे आणि मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जावे. या एका रस्त्यावर अंतर वाढते, पाऊस वाढतो, जमिनीचा चढ वाढतो, काळी जमीन संपून भातखाचरे येतात आणि वर डोंगरउतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन दिसते. रिकार्डोच्या हिशेबाने वरकस जमिनीचे मोल सर्वांत कमी असायला हवे आणि थ्युनेनच्या हिशेबाने शहरापासून दूर जाऊ तसा भाव उतरत जायला हवा. पण शहरातल्या माणसाला बंगल्यासाठी, फार्महाउससाठी डोंगराचा देखावा हवा असतो, आणि तो देखावा नेमका त्या नापीक उतारावरून दिसतो. म्हणून जिथे काही पिकत नाही अशा तुकड्यालाही चांगल्या भातखाचरापेक्षा जास्त भाव मिळू शकतो. इथे जमिनीचा भाव धान्याच्या भावाशी असलेले नाते तोडून शहराच्या पगाराशी जोडला जातो. हे का होते, कुठपर्यंत होते, आणि त्या विकलेल्या जमिनीच्या पैशाचे पुढे काय होते, हे भोर-वेल्ह्याच्या अर्थव्यवस्थेतले आजचे सर्वांत महत्त्वाचे प्रश्न आहेत.

जमीन विकण्यामागचे एक कारण तिच्या तुकड्यांत आहे, आणि इथे एका थोर अर्थशास्त्रज्ञाची आठवण करायलाच हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे म्हणून शेती तोट्यात आहे हे त्या काळचे सर्रास मत होते. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. धारणक्षेत्र लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही, त्या जमिनीवर लावलेल्या भांडवलाच्या आणि श्रमाच्या प्रमाणावरून ठरते. खरे दुखणे शेतीवर अवलंबून असलेल्या माणसांच्या गर्दीत आहे, आणि त्यावर उपाय उद्योगीकरण हा आहे, असे त्यांनी मांडले. तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला, म्हणजे त्यांच्या निबंधानंतर जवळपास तीस वर्षांनी, आणि तो मुख्यतः एकरांच्याच भाषेत बोलत राहिला. आता बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात काय शिकले ते पाहावे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, आणि त्यांच्या जोडीला इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. भारतातल्या जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. जोडविषय मुख्य विषयाला कसा धार लावतो याचे यापेक्षा मोठे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. त्यांनी जोडविषय निवडले ते ज्या समाजाबद्दल त्यांना प्रश्न होते त्या समाजाकडे पाहून, आणि हीच कसोटी मी इथे लावतो आहे. भोर-वेल्ह्याबद्दल ज्याला प्रश्न असतील त्याच्या जोडविषयाने भोर-वेल्हे समजायला हवे.

पुणे जिल्ह्यात या विचाराला जुनी परंपराही आहे. दख्खनमधल्या खेड्याचा पहिला गाजलेला आर्थिक अभ्यास हॅरॉल्ड मान यांनी केला, तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मान पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी निवडलेले गाव होते पिंपळे सौदागर, आज पिंपरी-चिंचवडच्या टोलेजंग इमारतींत हरवलेले. मान यांनी मातीपासून सुरुवात केली, विहिरी पाहिल्या, शेतांचे तुकडे मोजले आणि मग कुटुंबांच्या कर्जापर्यंत आणि उत्पन्नापर्यंत पोचले. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वाई तालुक्यातल्या शेती व्यवसायाची पाहणी केली आणि ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. वाई तालुका भोरच्या शेजारचाच. रायरेश्वराच्या पठारावर उभे राहिले की दोन्हीकडची खोरी दिसतात. गाडगीळांनी संपूर्ण देशाबद्दल विधाने करायच्या आधी एका तालुक्याचे शेत आणि शेत पाहिले. ती पाहणी करणारा माणूस अर्थशास्त्राचा होता, पण तो आधी जमिनीवर चालला होता. एकविसाव्या शतकातल्या मराठी मुलांनी ही परंपरा पुस्तकातून वाचण्यापेक्षा पायाखाली घालणे जास्त चांगले.

आता पर्यटनाकडे वळू. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय झाला आणि जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तालुक्याच्या अर्थकारणावर याचा परिणाम होणार हे उघड आहे, पण तो सगळीकडे सारखा होणार नाही. राजगडावर गुंजवण्याहून जाता येते, पालहून जाता येते, वाजेघरहून जाता येते. ज्या वाटेने गर्दी चढते त्या वाटेच्या पायथ्याच्या गावात चहा विकला जातो, जेवण मिळते, गाड्या उभ्या राहतात, मुक्कामाची सोय होते. दुसऱ्या वाटेच्या गावात यांतले फारसे काही होत नाही. म्हणजे उत्पन्नाची वाटणी वाटेने होते, आणि वाट डोंगराच्या सोंडेने आखून दिलेली असते. गडावर किती माणसांचा भार पेलवेल, टाक्यांतले पाणी किती जणांना पुरेल, शनिवार-रविवारच्या गर्दीवर शुल्क लावावे का, लावले तर ते कोणत्या ग्रामपंचायतीला मिळावे, हे प्रश्न एका विषयाच्या माणसाला सुटणारे नाहीत. वहनक्षमता भूगोल शिकवतो, गर्दीचा खर्च आणि शुल्काची लवचिकता अर्थशास्त्र शिकवते. हे काम करणारी माणसे पुण्यामुंबईच्या सल्लागार कंपन्यांतूनच यायला हवीत असे नाही.

वेल्ह्याच्या लोकसंख्येचा आकडाही बोलका आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती. त्यांत वेल्ह्याचे ५४,५१६ लोक, जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत सर्वांत कमी. भोरचे १,८६,११६. एवढी विरळ वस्ती डोंगरांत विखुरलेली असली की शाळा, दवाखाना, बँकेची शाखा, दूध संकलन केंद्र या प्रत्येकाचा माणशी खर्च वाढतो. मैदानातल्या तालुक्याचे निकष लावून इथे शाखा बंद करायची की ठेवायची हे ठरवले तर ते जवळपास नेहमीच बंद करण्याच्या बाजूने पडते. या निकषांशी वाद घालायचा तर तक्रार पुरत नाही. कोणत्या वाडीपासून शाखा किती वेळाच्या अंतरावर आहे, पावसाळ्यात ते अंतर किती वाढते आणि त्यामुळे एका व्यवहाराची खरी किंमत काय पडते, हे नकाशावर दाखवून रुपयांत मांडता यायला हवे.

भूगोलाविरुद्धचा सर्वांत भक्कम आक्षेप गणिताच्या बाजूने येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. आजचे उच्च अर्थशास्त्र गणितात आणि संख्याशास्त्रात लिहिले जाते. चांगल्या संस्थेत एमए करायचे असेल, पुढे पीएचडी करायची असेल, भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला बसायचे असेल, तर गणिताशिवाय दार उघडत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते पाणी, जंगल, कुरणे अशी सामायिक संसाधने गावे स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासाबद्दल. पण तरुणपणी अर्थशास्त्राच्या पीएचडीला त्यांना प्रवेश मिळाला नव्हता, कारण त्यांचे गणित पुरेसे नव्हते. त्यांनी राज्यशास्त्रात पीएचडी केली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर काम केले. आपल्याकडे वि. म. दांडेकर संख्याशास्त्राच्या तयारीने अर्थशास्त्रात आले, आणि त्यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये केलेला भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास त्या तयारीशिवाय होणे कठीण होते. म्हणून ज्या मुलाने बारावीला गणित घेतले आहे, ज्याला ते जमते आणि ज्याला एमए-पीएचडीच्या वाटेने जायचे आहे, त्याने संधी मिळत असेल तर गणित किंवा संख्याशास्त्रच मायनर म्हणून घ्यावे. त्याला माझा युक्तिवाद लागू नाही.

पण या दोन तालुक्यांतल्या कला शाखेत येणाऱ्या बहुतेकांचे गणित दहावीला सुटलेले असते. पाया नसताना केवळ प्रतिष्ठेसाठी गणित घेतले तर तीनशे तास सूत्रे पाठ करण्यात जातात. परीक्षा संपली की सूत्रे जातात आणि गणिताची भीती मात्र पक्की होते. गणिताची भीती जाण्याचा दुसरा रस्ता आहे. भूगोलाच्या प्रात्यक्षिकांत मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, नमुना निवड हे सगळे येते, पण ते पावसाच्या आकड्यांवर, लोकसंख्येवर, पिकाखालच्या क्षेत्रावर येते. आकड्यामागची गोष्ट आधी माहीत असली की सूत्र परके वाटत नाही. शिवाय नव्या आराखड्यातच एक सोय आहे जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. मेजर आणि मायनर यांखेरीज खुल्या वैकल्पिक विषयांचे १० ते १२ श्रेयांक असतात आणि ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावे लागतात. कला शाखेत अर्थशास्त्र घेणाऱ्याने ही जागा प्राथमिक गणित, संख्याशास्त्र किंवा संगणकासाठी वापरावी. महाविद्यालयात तसा शिक्षक नसेल तर केंद्र सरकारच्या स्वयम् या मंचावरून अभ्यासक्रम करता येतात, आणि त्यांचे श्रेयांक ठरावीक मर्यादेत पदवीत धरले जातात. मायनर एक, पण तयारी दोन्हींची, हे या रचनेत शक्य आहे.

दुसरा आक्षेप घरातून येतो. भूगोल घेऊन नोकरी कुठे मिळणार, त्यापेक्षा कॉमर्सचे हिशेब शिकलेले बरे, पतसंस्थेत लागेल, शिरवळच्या कारखान्यात लागेल. या काळजीमागे खरी गरज आहे. पण हिशेबाचे पॅकेज, एक्सेल, जीएसटीचे विवरण हे कौशल्य अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांत शिकता येते. त्यासाठी मायनरची तीनशे तासांची जागा खर्च करायला नको. आणि भूगोलाला काम नाही हे आता खरे राहिलेले नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले आणि भोर-वेल्ह्याचा भाग त्याच्या हद्दीत आला. विकास आराखडे, रस्ते, पाणलोट, पीक विम्याची पाहणी, या सगळ्यांत नकाशावर माहिती मांडणारी माणसे लागतात. त्यासाठीचे क्यूजीआयएससारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. नुसता नकाशा काढणारे बरेच मिळतील, नुसते आर्थिक अहवाल लिहिणारेही मिळतील. नकाशावरून खर्च-लाभाचा हिशेब मांडणारे कमी आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना तर सांगायलाच नको, राज्यसेवेच्या अभ्यासात भूगोल आणि अर्थशास्त्र दोन्ही येतात.

समाजशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र यांचा दावाही आहेच. त्यांत समाजशास्त्राचा मला सर्वांत बळकट वाटतो. भातलावणीत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांचे श्रम आकडेवारीत पुरते उतरत नाहीत, आणि ते का उतरत नाहीत हे समाजशास्त्रच सांगू शकते. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्याआधीच्या अडीचशे वर्षांचा पंत सचिवांचा कारभार समजल्याशिवाय इथल्या जमिनीच्या हक्कांचा गुंता सुटणार नाही, म्हणून इतिहासही हवा. ज्या महाविद्यालयात हे विषय जीव ओतून शिकवले जातात तिथे ते घेण्याला माझी हरकत नाही. भूगोल मी पुढे ठेवतो तो एवढ्यासाठी की तो विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढतो आणि मोजायला शिकवतो, आणि या दोन्हींची आपल्याकडच्या अर्थशास्त्र शिक्षणात फार मोठी उणीव आहे.

उरतो सर्वांत व्यावहारिक आक्षेप: निवड खरोखर आहे का? लहान महाविद्यालयांत विषय मोजके असतात, काही पदे रिकामी असतात, वेळापत्रकात दोन विषय एकमेकांवर येतात. कागदावरचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात दोन-तीन पर्यायांवर येऊन थांबते. आणि भूगोल मिळाला तरी तो नकाशात रंग भरण्यापुरता शिकवला जात असेल तर त्याने अर्थशास्त्राला काहीच मिळणार नाही. हे सगळे खरे आहे. म्हणून विषयाचे नाव पाहून निवड करू नये. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचारावे: प्रात्यक्षिकाची खोली आहे का, समोच्चरेषांचे नकाशे विद्यार्थ्यांच्या हातात येतात का, क्षेत्रभेट खरोखर होते की नुसता अहवाल जमा होतो, संगणकावर नकाशा करायला शिकवतात का? यांतली निम्मी उत्तरे ‘नाही’ अशी आली आणि शेजारी समाजशास्त्राचे प्राध्यापक मुलांना गावागावांत पाहणीला नेत असतील, तर समाजशास्त्र घ्यावे.

आराखड्यात क्षेत्र प्रकल्पालाही श्रेयांक आहेत, आणि मेजर-मायनरची ही जोडी खरी कसाला लागेल ती तिथे. नसरापूर ते वेल्हे या रस्त्यावरची काही गावे घ्यावीत. प्रत्येक गावाची उंची आणि महामार्गापासूनचे अंतर नकाशावरून काढावे. नोंदणी व मुद्रांक विभाग दर वर्षी बाजारमूल्य दरांचे तक्ते जाहीर करतो, त्यांतून जमिनीचे दर घ्यावेत. सातबारा उतारे आता ऑनलाइन दिसतात; त्यांतून पीकपाहणी आणि खातेदारांची संख्या कळते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गाववार लोकसंख्या, कामगार आणि सोयींची माहिती असते, आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात तालुक्याची. मग गावात जाऊन विचारावे की गेल्या काही वर्षांत जमीन कुणी विकली, कशासाठी विकली, आणि त्या पैशाचे काय झाले. एका सत्रात होण्याजोगे हे काम आहे. त्यात जे हाती लागेल ते रिकार्डोला आणि थ्युनेनला कुठे धरून असेल आणि कुठे नसेल, हे लिहून काढायला दहा-बारा पाने पुरतील. ती पाने महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता त्या त्या ग्रामपंचायतीला द्यावीत. ग्रामसभेत रस्त्याच्या, पाण्याच्या किंवा जमीनविक्रीच्या प्रश्नावर बोलताना लोकांना त्यांतले आकडे उपयोगी पडतील.